वीतभर इकडे, वीतभर तिकडे

हवेतून फुकट येणारे टीव्ही चॅनेल्स घरच्या अँटेनावर घ्यायचे असं मी ठरवलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "ते अजून असतं का?" असतं. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्सने २००६ मध्ये जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं, अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी २००९ मध्ये, ब्रिटनने २०१२ मध्ये. पण बंद झालं ते ॲनालॉग. मनोरे उभेच राहिले आणि त्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं. पूर्वी एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल मावायचं, आता तेवढ्याच जागेत कितीतरी मावतात, तेही एचडी. वर्गणी नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. इंटरनेट बंद पडलं तरी बातम्या चालू राहतात. थेट सामन्यातला गोल मोबाइलवर बघणाऱ्यांच्या आधी आपल्याला दिसतो, कारण मध्ये साठवून पुढे ढकलणारं कुणी नसतं. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की समोर कोण बसलंय हे मनोऱ्याला कळत नाही. तो सगळ्यांना सारखंच पाठवतो.

खरेदीच्या आधी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि पुढचं सगळं काम त्यामुळे सोपं झालं. पहिली गोष्ट टीव्हीची. प्रक्षेपणाच्या पद्धती देशागणिक वेगळ्या आहेत: उत्तर अमेरिकेत एटीएससी, युरोपात आणि इतर बऱ्याच ठिकाणी डीव्हीबी-टी किंवा त्याची पुढची आवृत्ती डीव्हीबी-टी२, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी. टीव्हीत आपल्या भागातल्या पद्धतीचा ट्यूनर, म्हणजे सिग्नल वाचणारा भाग, नसेल तर कितीही चांगला अँटेना लावा, पडदा कोराच राहणार. अशा वेळी वेगळा सेट टॉप बॉक्स लागतो. माझ्या टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत योग्य ट्यूनरचं नाव सापडलं.

दुसरी गोष्ट मनोऱ्याची. तो कुठल्या दिशेला आहे, किती लांब आहे, कुठल्या फ्रिक्वेन्सी वापरतो आणि लहरी आडव्या सोडतो की उभ्या, एवढं कळलं की अर्धी लढाई जिंकली. शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. मनोऱ्याचं प्रक्षेपण आडवं असेल तर अँटेनाच्या काड्या जमिनीला समांतर हव्यात, उभं असेल तर काड्याही उभ्या. उलटं लावलं तर सिग्नलचा फार मोठा भाग वाया जातो. गल्लीतल्या जुन्या छपरांकडे मान वर करून एक फेरी मारली की हे आपोआप कळतं. ज्यांनी आधी लावलेत त्यांच्या काड्या बघायच्या.

अंतराचा हिशेब मला फार आवडला, म्हणून इथे देते. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं. उत्तर येतं ते त्या उंचीवरून रेडिओ लहरींना मिळणारं क्षितिज, किलोमीटरमध्ये. मनोरा ३०० मीटर उंच असेल तर त्याचं क्षितिज साधारण ७१ किलोमीटरवर. आपला अँटेना ९ मीटरवर असेल तर त्याचे आणखी १२. दोन्हींची बेरीज ८३, म्हणजे मध्ये डोंगर नसेल तर तिथवर आशा ठेवायला हरकत नाही. आमचा मनोरा या मर्यादेच्या बराच आत होता. मध्ये एक उंचवटा होता आणि त्यावर दाट झाडी.

काड्यांची लांबीसुद्धा अशीच तोंडी काढता येते. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की तरंगलांबी मिळते, मीटरमध्ये. ६०० मेगाहर्ट्झला अर्धा मीटर, २०० मेगाहर्ट्झला दीड मीटर. अँटेनाचा मूळ दांडा साधारण अर्ध्या तरंगलांबीचा असतो, म्हणजे पहिल्यासाठी २५ सेंटिमीटर आणि दुसऱ्यासाठी ७५. यूएचएफ, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यासाठीच्या छोट्या, नीटस अँटेनावर व्हीएचएफची, म्हणजे २०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यातली चॅनेल्स का अडखळतात याचं उत्तर एवढ्या भागाकारात आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो, तळहाताएवढ्या चकतीला दीड मीटरची लहर नीट पकडता येत नाही.

आमच्या मनोऱ्याची बहुतेक चॅनेल्स यूएचएफवर होती, एकच गठ्ठा व्हीएचएफवर. गठ्ठा म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर एकत्र बांधून येणारी चॅनेल्स. तंत्रज्ञ त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात, घरात आम्ही गठ्ठाच म्हणायला लागलो. हे समजून घेतलं की दोष शोधणं सोपं होतं: एकाच गठ्ठ्यातली सगळी चॅनेल्स एकदम गेली तर त्या फ्रिक्वेन्सीची अडचण आहे, सगळेच गठ्ठे गेले तर केबल किंवा अँटेना बघायचा. रिमोटवर दिसणारा चॅनेलचा क्रमांक यात उपयोगी पडत नाही, कारण तो सोयीसाठी दिलेला असतो. हवेतली खरी फ्रिक्वेन्सी टीव्हीच्या सिग्नल माहितीच्या पानावर मिळते.

त्याच पानावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि दुसरी गुणवत्तेची. मी सुरुवातीपासून दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं. ताकदीच्या पट्टीत गोंगाटही मोजला जातो. शेजारचा मोबाइल टॉवर, एखादा खराब दिवा, भिंतीवरून उलटून आलेल्या लहरी, सगळं त्यात धरलं जातं. ट्यूनरला आकडे किती स्वच्छ वाचता येतायत ते गुणवत्ता सांगते.

डिजिटलमध्ये हे जास्तच महत्त्वाचं आहे. ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा आणि आवाज तर शेवटपर्यंत टिकायचा. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ दिसतं नाहीतर चौकोन चौकोन होऊन फुटतं. एटीएससीच्या पहिल्या आवृत्तीला सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर लागतो (डेसिबल हे सिग्नलच्या तुलनेचं माप, ३ डेसिबल म्हणजे दुप्पट). १६ वर चित्र निर्मळ, १४ वर काहीच नाही. म्हणजे आज दुपारी सुंदर दिसणारं चॅनेल कड्याच्या अगदी टोकावर उभं असू शकतं आणि पडद्याकडे बघून ते कळणार नाही. मला नुसतं चित्र नको होतं, खाली सरकायला थोडी जागा हवी होती, कारण पाऊस, वारा, नवी पालवी यांची आवक-जावक वर्षभर चालते.

आधी घरातलाच साधा अँटेना लावून बघितला. टीव्हीमागे ठेवला तेव्हा जवळजवळ काहीच नाही. मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत नेल्यावर दोन गठ्ठे आले, पण खोलीत कुणी चाललं की चित्र अडखळायचं. दुसऱ्या खोलीतली खिडकी त्याच दिशेला, तरी तिथे निम्मंही नाही. तिच्या काचेवर ऊन परतवणारा धातूचा पातळ थर होता आणि रेडिओ लहरींनाही तो परतवतो. मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांचं काम खिडकीतच होऊन जातं, त्यांनी छपरावर चढण्याचं कारण नाही. आमचं होणार नाही हे दिसलं.

मग छपरासाठीचा यागी अँटेना घेतला: मागे परावर्तक, मध्ये डायपोल, म्हणजे मूळ दांडा, आणि पुढे रांगेने छोट्या काड्या, ज्या लहरींना एका दिशेने गोळा करतात. ही रचना १९२० च्या दशकात जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी उभी केली. हिदेत्सुगु यागी यांनी ती इंग्रजीतून जगापुढे मांडली आणि नाव त्यांचंच रूढ झालं. मेहनत ज्याची त्याचं नाव राहावं असं मला वाटतं, म्हणून मी यागी-उदा म्हणते.

अँटेना पक्का बसवण्याआधी जागा शोधायची होती आणि या सगळ्या कामातला माझा सर्वात आवडता भाग हाच. पोटमाळ्यावर मी, खाली टीव्हीसमोर वही घेऊन मुलगा, दोघांचे फोन चालू. वहीत रकाने: जागा, उंची, गठ्ठा, गुणवत्ता. "आई, एकतीस. आई, चव्वेचाळीस. थांब, थांब, हललीस का? बावीस झाले." मी हलले नव्हते, फक्त हात थोडा खाली आला होता.

एवढ्याशा हालचालीने आकडा निम्म्यावर येतो याचं कारण लहरींच्या भेटीगाठीत आहे. मनोऱ्याकडून थेट आलेली लहर आणि छपरावरून, भिंतीवरून, पाण्याच्या टाकीवरून उलटून आलेली लहर एकाच जागी पोचतात. दोघींचे उंचवटे जुळले तर सिग्नल वाढतो, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. ६०० मेगाहर्ट्झला हा बदल वीतभर अंतरात पूर्ण होऊ शकतो. म्हणून 'इथे सिग्नल नाही' असं खोलीबद्दल किंवा छपराबद्दल म्हणणं अपुरं आहे. इथे नसेल, वीतभर पलीकडे असेल. आणि तो प्रत्येक गठ्ठ्यासाठी वेगळ्या ठिकाणी असतो, कारण प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी. एका चॅनेलसाठी उत्तम असलेली जागा दुसऱ्यासाठी खड्डा ठरते.

त्यामुळे आम्ही सर्वात मोठा आकडा शोधत बसलो नाही. सर्वात कमजोर गठ्ठा जिथे सर्वात कमी कमजोर, ती जागा निवडायची असं ठरवलं. हा निर्णय मुलाने वही बघून सुचवला आणि तोच बरोबर होता. दोन गठ्ठे नव्वदच्या वर आणि तिसरा गायब, यापेक्षा तिन्ही पंच्याहत्तरच्या आसपास असलेले घरात जास्त उपयोगी पडतात.

उलटून आलेल्या लहरींचा त्रास पूर्वी डोळ्यांना दिसायचा, चित्राच्या बाजूला दुसरं फिकट चित्र. आताच्या काही पद्धती त्या सहन करण्यासाठीच बनवल्या आहेत. डीव्हीबी-टीच्या ८के नावाच्या प्रकारात (हे चित्राच्या बारकाईचं ८के नव्हे), ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर, प्रत्येक संकेतापुढे २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत राखीव वेळ ठेवता येतो. तेवढ्यात लहर ६७ किलोमीटर जाते, म्हणजे इतका वळसा घालून उशिरा आलेली लहरसुद्धा ट्यूनर पचवतो. पण जागेवरच्या जागी पुसलेला सिग्नल त्यालाही परत आणता येत नाही. ते काम वीतभर सरकण्याचंच.

पोटमाळ्यावर दोन गठ्ठे ठीक आले, तिसरा काठावर. कौलं ओली झाली की तोही जायचा. छपराखाली चकचकीत धातूचा पडदा लावलेला असेल किंवा पत्रा असेल तर पोटमाळ्याचा विचारच सोडावा. आम्ही वर गेलो.

खांब उभा करण्याचं काम मी एकटीने केलं नाही आणि कुणीही करू नये. भाऊ शिडी धरायला आला, वारा नसलेली सकाळ निवडली. जागा अशी घेतली की खांब मुळापासून आडवा पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही. पडण्याचा हा हिशेब करूनच शिडीवर पाय ठेवावा. खांब आणि केबलचं बाहेरचं जाळीचं कवच घराच्या अर्थिंगला जोडून घेतलं, ते काम इलेक्ट्रिशियनकडून. अशा जोडणीने थेट पडणारी वीज थांबत नाही, पण आसपास वीज कडाडते तेव्हा तारेवर साठणारा भार सुखरूप जमिनीत उतरतो.

दिशेसाठी होकायंत्राने अंदाज घेतला आणि मग पुन्हा वही. अँटेना अंश-अंश फिरवायचा, टीव्हीला आकडा वाचायला काही सेकंद द्यायचे, मग पुढे. घाईने फिरवलं तर आकडा मागे राहतो आणि आपण चुकीच्या जागी थांबतो. कमाल आकडा सापडला की तिथेच आवळायचं असं नाही. दोन्ही बाजूंना आकडा कुठे पडायला लागतो ते बघायचं आणि मधोमध ठेवायचं. खांब वाऱ्यात थोडा हलतो, त्याला दोन्हीकडे मोकळीक मिळते. उंचीतही तसंच निघालं. खांबाच्या टोकापेक्षा थोडं खाली आकडा जास्त होता, कारण जमिनीवरून उलटलेली लहर तिथे थेट लहरीला मिळत होती. उंच तितकं चांगलं हे साधारणपणे खरं आहे, पण शेवटचा हातभर भाग मोजूनच ठरवावा.

केबल आरजी-६ घेतली, ७५ ओहमची, काळ्या आवरणाची, कारण बाहेरच्या उन्हाला ते आवरण टिकतं. ३० मीटरला यूएचएफवर ५-६ डेसिबल जातात, आणि ३ डेसिबल म्हणजे निम्मं, हे ध्यानात ठेवलं की केबल विनाकारण लांब ठेवायचा मोह होत नाही. कनेक्टर लावताना जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तांब्याला टेकला तरी सगळं बंद पडतं, म्हणून तिथे चष्मा लावून बसावं. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला. पावसाचं पाणी त्या झोळावरून टपकतं, भोकातून भिंतीत जात नाही. वरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. पाणी एकदा केबलच्या आत गेलं की ती वाळत नाही, बदलावी लागते.

आता ॲम्प्लिफायर. ज्याला त्याला सुचणारा पहिला उपाय हाच असतो आणि बऱ्याचदा त्याची गरज नसते. जे अँटेनाने पकडलंच नाही ते ॲम्प्लिफायर निर्माण करत नाही. तो सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो. मग त्याचा उपयोग काय? पुढे होणारी गळती भरून काढायची. टीव्हीचा ट्यूनर स्वतःचा ६-७ डेसिबल गोंगाट घालतो असं धरलं आणि केबलमध्ये ६ गेले, तर मिळून १२-१३ चा तोटा. खांबावरच, अँटेनाच्या जवळ, २ डेसिबल गोंगाट आणि २० डेसिबल वाढीचा ॲम्प्लिफायर बसवला तर हा एकूण तोटा अडीचच्या आसपास येतो. तोच टीव्हीमागे ठेवला तर केबलचे ६ आधीच गेलेले, त्यात त्याचे २, म्हणजे ८. तेच यंत्र, तीच किंमत आणि नुसती जागा बदलल्याने एवढा फरक. मात्र मनोरा जवळ असेल तर हेच यंत्र ट्यूनरला इतकं जोरात ऐकवतं की तो गोंधळतो आणि येणारी चॅनेल्ससुद्धा जातात.

आमच्याकडे दोन खोल्यांसाठी स्प्लिटर, म्हणजे एक केबल दोन वाटांना फोडणारा जोड, लागणार होता, त्यात आणखी साडेतीन डेसिबल जातात, म्हणून खांबावर ॲम्प्लिफायर बसवला. त्याच्याआधी मोबाइलच्या लहरी अडवणारा फिल्टर. पूर्वी टीव्हीकडे असलेला यूएचएफचा वरचा भाग आता मोबाइलला दिलेला आहे, युरोपात ६९४ मेगाहर्ट्झच्या वरचा आणि अमेरिकेत ६१४ च्या वरचा. जुन्या आराखड्याचे अँटेना मात्र तिथलंही इमानेइतबारे पकडतात आणि ॲम्प्लिफायर ते वाढवतो. फिल्टरने आमचा सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीचा गठ्ठा चटकन सुधारला.

यानंतर चॅनेल शोधण्याचं बटण दाबलं. यादी भरली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फक्त एवढं, की आधीची यादी पुसून नव्याने शोध घ्यावा, नाहीतर पोटमाळ्यावरच्या प्रयोगातल्या अर्धवट नोंदी मध्येच राहतात.

व्हीएचएफचा गठ्ठा मात्र संध्याकाळी जायचा आणि सकाळी बरा असायचा. हवामानाशी ताळा जुळेना. मुलाने घरातले दिवे एकेक बंद करत वहीत आकडे लिहिले आणि जिन्यातल्या एलईडी दिव्यापाशी आकडा उडी मारून वर गेला. अशा दिव्यांच्या आतल्या छोट्या वीजपुरवठ्याच्या मंडलातून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि यूएचएफपेक्षा व्हीएचएफवर तो जास्त जाणवतो. दिवा बदलला, गठ्ठा स्थिर झाला. घरात चोर शोधताना ॲम्प्लिफायरपेक्षा दिव्याचं बटण जास्त कामाला येतं हे मी आता सगळ्यांना आवर्जून सांगते.

पावसाची भीती घालणारे बरेच भेटले. ती डिशची अडचण आहे. उपग्रहाचा सिग्नल १२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, तिथे पावसाचे थेंब लहरी शोषतात. मनोऱ्याच्या लहरी त्याच्या कितीतरी पट लांब, त्यांना पाऊस जवळजवळ जाणवत नाही. त्यांना अडवतात ती ओली पानं. आमच्या उंचवट्यावरची झाडी भरात आली की तिन्ही गठ्ठे काही अंकांनी उतरतात, पण राखून ठेवलेली जागा पुरते. उलट स्वच्छ, शांत, स्थिर हवेच्या दिवसांत वेगळीच गंमत होते: वातावरणाच्या थरांत लहरी अडकून शेकडो किलोमीटर प्रवास करतात आणि भलत्याच दूरचा मनोरा ऐकू येतो. त्याची फ्रिक्वेन्सी आपल्या चॅनेलचीच असली तर आपलं चित्र तात्पुरतं फुटतं. अशा वेळी अँटेनाला हात लावू नये. हवा बदलली की सगळं जागेवर येतं.

आता लक्ष आहे ते दुसऱ्या दिशेच्या एका छोट्या मनोऱ्यावर. तो उभ्या लहरी सोडतो, त्यावर आमच्याकडे न येणारं एक चॅनेल आहे. त्यासाठी उभ्या काड्यांचा वेगळा अँटेना लागेल. दोन्ही अँटेना साध्या स्प्लिटरने एकत्र जोडले तर एकाच्या लहरी दुसऱ्याच्या लहरींना पुसायला लागतील, म्हणून त्याची केबल स्वतंत्र उतरवणार आहे आणि ती दुसऱ्या ट्यूनरला जाईल. वहीत त्याचं पान आखून झालंय, रकाने तेच ठेवलेत. भाऊ मोकळा असेल आणि वारा पडलेला असेल अशी एक सकाळ मिळाली की चढायचं.